गाडीचा कान आणि गाडीचा डोळा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय वाचून पुण्याची नणंद नक्की हसणार, की वहिनींना आता मोटारीतलं काय कळायला लागलं! पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलीही वस्तू घरात आली की "ही आधी कुठून आली?" हा प्रश्न पडतोच. खोड जाता जात नाही.

तर झालं असं. माझ्या पुतण्याकडे २००८ सालची बोलेरो आहे. पंधरा वर्षांची नोंदणी संपली तेव्हा, २०२३ मध्ये, त्याने ती आणखी पाच वर्षं वाढवून घेतली. इंजिन अजून खणखणीत. फक्त टेपच्या जागी कंपनीने दिलेलं काळं झाकण आहे, आत काही नाही. आता त्याला तिथे चांगला स्टिरिओ बसवायचा होता. मी म्हटलं, "जरूर बसव. पण त्याच दिवशी मागे कॅमेराही बसव." तर म्हणे, "काकू, आरसे हायेत ना दोन दोन! कॅमेऱ्याचं काय काम?"

यावर आमची जी चर्चा झाली, आणि नंतर मी जे वाचलं-विचारलं, ते इथे मांडते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की स्टिरिओ आणि मागचा कॅमेरा या दोन वेगवेगळ्या चैनी नाहीत. त्यांच्यात देणं-घेणं आहे. पहिल्याने गाडी चालवणाऱ्याकडून एक वस्तू काढून घेतली, ती दुसऱ्याने फेडायची आहे. कोणती वस्तू, ते पुढे येईलच.

सुरुवात करू मागे पाहण्यापासून. मोटार नवीन होती तेव्हा मागे काय आहे हे पाहायला गाडीत काहीच नव्हतं. मान वळवायची, नाहीतर शेजारच्याला विचारायचं. इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट नावाची एक बाई होती, मोटारींच्या शर्यतीत उतरणारी. तिने १९०९ साली बायकांसाठी मोटारीवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात सल्ला दिला, की हातात धरायचा छोटा आरसा गाडीत जवळ ठेवा, अधूनमधून उचलून मागची रहदारी पाहता येते. (वेणी-फणीचा आरसा मोटारीच्या कामी लावायचं सुचलं ते एका बाईला, हे मी पुतण्याला मुद्दाम दोनदा सांगितलं!)

दोनच वर्षांनी, मे १९११ मध्ये, अमेरिकेत इंडियानापोलिसला पाचशे मैलांची पहिली शर्यत झाली. तेव्हा शर्यतीच्या गाडीत दोघं बसत, एक चालवणारा आणि एक मेकॅनिक. मागून कोण येतंय हे सांगणं हेही मेकॅनिकचं काम. रे हॅरून नावाच्या चालकाची गाडी एकट्यासाठी बनवलेली होती. इतरांनी तक्रार केली, की याला मागचं दिसणार कसं? त्याने समोर चार दांड्यांवर एक आरसा बसवून घेतला आणि शर्यत जिंकली. म्हणजे बघा, आरसा आला तो मागे पाहणाऱ्या माणसाच्या जागी. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गाणं. मोटारीत रेडिओ बसवण्याचे प्रयत्न आधीही झाले होते, पण तो सर्वसामान्य गिऱ्हाइकाला परवडेल असा केला शिकागोच्या गॅल्विन कंपनीने, १९३० मध्ये. मालक पॉल गॅल्विन. त्याने आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि अटलांटिक सिटीला रेडिओ कारखानदारांचं संमेलन होतं तिथे नेला. आत दुकान मांडायला जागा नव्हती, म्हणून गाडी बाहेर उभी केली आणि रेडिओ मोठ्याने लावला! गिऱ्हाइकं जमली. 'मोटर'ला त्या काळच्या फोनोग्राफच्या नावांतली शेपटी जोडून त्याने नाव ठेवलं 'मोटोरोला'. पुढे कंपनीलाच ते नाव पडलं. युरोपात १९३२ साली जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने असाच रेडिओ काढला. त्याची किंमत मोटारीच्या किमतीच्या जवळपास तिसरा हिस्सा होती म्हणतात.

तेव्हा रेडिओ बसवणं म्हणजे दिवसभराचं काम. छताच्या आतलं कापड उसवून एरियलची तार पसरायची, मोठ्या बॅटऱ्यांना जागा करायची, पत्र्याला भोकं पाडायची. त्यातून पेट्रोल इंजिनाच्या प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओत 'खर्र' व्हायचं, तेही आवरायचं. तरी लोकांनी हौसेने बसवले. आणि गंमत अशी, की अमेरिकेत काही ठिकाणी लगेच ओरड झाली, की गाडी चालवताना रेडिओ नको, चालवणाऱ्याचं ध्यान जातं. बंदीचे प्रस्तावसुद्धा आले. ते बारगळले आणि रेडिओ गाडीत राहिला.

आपल्याकडे मोटारच मुळात मोजक्यांकडे, तिथे मोटारीतला रेडिओ काय विचारता! शिवाय रेडिओ घरातला असो की मोटारीतला, परवाना लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी त्याची फी भरायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती भानगड संपली. माझ्या वडिलांचं परवान्याचं पुस्तक मी कितीतरी वर्षं जपून ठेवलं होतं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ चं, विविध भारती १९५७ ची. पण रेडिओ म्हणजे माजघरातल्या फळीवर, वर क्रोशाचा रुमाल घातलेला. तो गाडीत असतो हे आम्ही सिनेमातच पाहिलं.

मी १९७५ साली नोकरीनिमित्त धारणीला आले. अमरावतीहून दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पण तो घाट, ती वळणं, सेमाडोह, हरिसाल... एसटीत बसलं की दिवस जायचा. त्या एसटीत गाणंबिणं काही नाही. पण मागे पाहणारा माणूस होता! एसटी मागे घ्यायची झाली की कंडक्टर खाली उतरून पाठीमागे उभा राहायचा आणि शिट्टी वाजवायचा. शिट्टी चालू तोवर गाडी मागे येणार, शिट्टी थांबली की गाडी थांबणार. ड्रायव्हर आरशात बघे, पण विश्वास कानावर.

पुढे काळ्या-पिवळ्या जीपा आल्या, ट्रॅक्स आल्या. त्यांच्यावर कंडक्टर नाही, पण क्लीनर असायचा, पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं, मागच्या फळीवर लटकलेलं. मागे घेताना तो उतरायचा आणि पत्र्यावर थाप मारत ओरडायचा, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... अजून येऊ दे... बस!" आमच्या धारणीत एका वाक्यात तीन भाषा, मराठी, हिंदी आणि कोरकू. पण त्या थापेची भाषा सगळ्या ड्रायव्हरांना कळे. हळू थाप म्हणजे ये, जोरात दोन म्हणजे थांब. (आणि घरची गाडी असली की हे काम कोणाकडे? अर्थात बायकोकडे! आमचे हे गाडी मागे घ्यायचे तेव्हा भर पावसात मी छत्री घेऊन मागे उभी.)

म्हणजे ड्रायव्हर मागचं पाहत नव्हता, मागचं ऐकत होता. हे नीट ध्यानात घ्या.

आणि मग त्या कानात कॅसेट शिरली.

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. त्याच दशकाच्या शेवटी ती परदेशातल्या मोटारींत पोचली. आपल्याकडे तिचा खरा पूर आला तो ऐंशीच्या दशकात, टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेट स्वस्त केल्यावर. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत, आखातातून येणारे नातेवाईक जपानी टेप आणत. नव्वदच्या सुमाराला आमच्या परतवाडा-धारणी रस्त्यावर टेप नसलेली जीप शोधावी लागे. गिऱ्हाईकसुद्धा विचारून बसायचं, "टेप हाय का?" ज्या जीपमध्ये गाणी चांगली, ती आधी भरायची. ड्रायव्हरला टेप ही चैन नव्हती, तो धंदा होता. म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही.

याच दशकातली एक गोष्ट सांगते. बाजाराचा दिवस होता. भाजीवाल्यांच्या ओळीमागे एक जीप उभी होती आणि ती मागे घ्यायची होती. टेप जोरात चालू. मागे आमच्या शाळेतली तिसरीतली एक मुलगी खाली बसून सांडलेले चणे वेचत होती. क्लीनरने पाहिलं. तो ओरडला, पत्र्यावर थापा मारल्या, आजूबाजूच्या बायका ओरडल्या. ड्रायव्हरला काही ऐकूच गेलं नाही. मुलगी वाचली. पाय मात्र पहिल्यासारखा झाला नाही. पुढे शाळेच्या व्हरांड्यातून ती भिंतीला हात लावत चालायची, त्याचा एक विशिष्ट आवाज यायचा. फळ्याकडे तोंड असलं तरी मला कळे, की ती आली.

ड्रायव्हर प्यायलेला नव्हता, वेगात नव्हता, माणूस म्हणून वाईट तर मुळीच नव्हता. लोकांनी त्याला दोष दिला, क्लीनरला दोष दिला, पोरीच्या आईलाही दिला. टेपचं नाव कोणी घेतलं नाही. पण त्या माणसाने आठवड्याभरात टेप उपसून काढला आणि ते भोक तसंच उघडं ठेवून पुढे कितीतरी वर्षं गाडी चालवली. त्याला कळलं होतं, काय गेलं ते. त्याचा मागचा कान गेला होता.

पुतण्याला मी ही गोष्ट सांगितली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मंग कंपन्यायनं काही केलं नाई का?"

केलं ना! आधी रिव्हर्स हॉर्न आले. आठवतात? नव्वदच्या पुढे दहा-पंधरा वर्षं गल्लीगल्लीत ऐकू येत. गाडी मागे घेतली की 'जिंगल बेल्स' नाहीतर एखादी सिनेमाची धून वाजायची. आता ड्रायव्हरने ऐकायचं नव्हतं, मागच्याने ऐकून बाजूला व्हायचं होतं! जबाबदारी सरळ मागच्याच्या गळ्यात. आणि आमच्याकडची लहान पोरं तर धून ऐकून बाजूला होण्याऐवजी गाडीमागे नाचायला धावत. मी शाळेच्या गेटजवळ उभी राहून कितीदा हाकललं असेल!

कॅमेऱ्याची कल्पना मात्र फार जुनी. १९५६ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने ब्युइक सेंच्युरियन नावाची एक नमुन्याची गाडी प्रदर्शनात मांडली होती. तिला मागचा आरसा नव्हताच. मागे दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि पुढे डॅशबोर्डवर पडदा. लोकांनी नवल केलं, गाडी प्रदर्शनातच राहिली. विकायच्या गाडीत असा कॅमेरा दिसायला १९९१ उजाडलं, जपानमधल्या टोयोटा सोअररमध्ये. म्हणजे गाणं १९३० ला आलं आणि मागचा डोळा त्यानंतर साठ वर्षांनी, तोही महागड्या गाडीत.

इतका उशीर का? तंत्र महाग होतं हे एक कारण. पण मला दुसरं जास्त खरं वाटतं. गाणं ज्याला ऐकायचं तो गाडीत बसलेला असतो आणि पैसे तोच देतो. मागच्या डोळ्याची गरज असते ती गाडीमागे उभ्या असलेल्याला. तो गाडीचा गिऱ्हाईक नसतो. बहुतेक वेळा तो कशाचाच गिऱ्हाईक नसतो, कारण तो तीन वर्षांचा असतो.

म्हणून शेवटी कायदा करावा लागला. अमेरिकेत २००२ साली एका वडिलांची गाडी घराच्या अंगणात मागे घेताना त्यांच्याच दोन वर्षांच्या मुलावर गेली. त्या मुलाच्या नावाने, कॅमेरॉन गुल्ब्रान्सेन याच्या नावाने, २००८ मध्ये कायदा झाला. नियम ठरायला २०१४ उजाडलं आणि मे २०१८ पासून तिथे प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. नियम करताना तिथल्या सरकारने आकडे दिले होते. मागे येणाऱ्या गाड्यांखाली वर्षाला सरासरी २१० मृत्यू आणि १५,००० जखमी. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं आणि २६ टक्के सत्तर वर्षांवरची माणसं. (मी दुसऱ्या गटातली. तेव्हा कॅमेऱ्याचा आग्रह हा निव्वळ परोपकार समजू नये!)

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे अडथळा असेल तर सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. पण नव्या मोटारींना. २००८ च्या बोलेरोला कायदा काही सांगत नाही. मेळघाटातल्या रस्त्यांवर निम्म्याहून जास्त गाड्या अशाच जुन्या दिसतात. आता त्यांच्यावर क्लीनरही नाही, ड्रायव्हर एकटा. मागे पाहणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

शेवटी पुतण्या तयार झाला. परतवाड्याला एक जुना विद्यार्थी गाड्यांचं वायरिंग करतो, त्याच्याकडे गेलो. मला स्टूल दिलं, चहा दिला आणि मी शेवटपर्यंत बघत बसले. तिथे जे शिकले ते, कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

स्टिरिओच्या भोकाचं माप मूळ जर्मन मानकातलं, १८ सेंटिमीटर रुंद आणि ५ उंच. म्हणून एका कंपनीचा स्टिरिओ दुसऱ्या कंपनीच्या गाडीत बसतो. पडद्याचा हवा तर उंची दुप्पट लागते, त्यासाठी आमची चौकट थोडी कापावी लागली. मागून जी तारांची वेणी निघते तिचे रंगही ठरलेले. पिवळी बॅटरीची कायमची, लाल चावीवर चालू होणारी, काळी अर्थिंगची. आमचा विद्यार्थी म्हणाला, "बाई, लाल अन् पिवळी एकत्र जोडली का थो रातभर बॅटरी पिते. सकाळी गाडी उठतच नाई." काळी तार पत्र्याला नीट, रंग खरवडून लावली नाही तर इंजिनाबरोबर स्पीकरमधून शिट्टी येते. तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळायचा नाही. उन्हाळ्यात टेप सुटतो, तारा उघड्या पडतात, आणि जुन्या गाडीत आगीची भीती असते. डाख लावायचा, वर नळी चढवायची, फ्यूज विसरायचा नाही.

कॅमेऱ्याचं तत्त्व तर फार साधं. गाडी मागच्या गियरमध्ये टाकली की मागचा पांढरा दिवा लागतो. त्याच दिव्याच्या तारेवरून कॅमेऱ्याला वीज द्यायची आणि तिथूनच एक तार पुढे स्टिरिओला आणायची. ती तार सांगते, की आता गाणं बाजूला ठेव, मागचं दाखव. बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर असते. त्यामुळे आतल्या आरशात मागच्या काचेचा बराच भाग झाकला जातो आणि खालचं तर काहीच दिसत नाही. नंबर प्लेटच्या वर कॅमेरा लावल्यावर पहिल्यांदा पडद्यावर काय दिसलं? दुकानाच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं. कोणत्याच आरशात ते नव्हतं.

मी एकच जास्तीची गोष्ट मागितली. मागचा गियर पडला की गाणं आपोआप बंद झालं पाहिजे. विद्यार्थ्याने सेटिंगमध्ये बोट फिरवलं आणि झालं. सोय आधीपासून आतच होती. तो म्हणाला, "हे कोणी मांगतच नाई, बाई." कॅमेऱ्याचे पंधराशेच्या आत पैसे झाले, गाणं थांबवण्याचे शून्य.

कॅमेऱ्यावर फार भिस्त ठेवू नये, हेही सांगायला हवं. पावसाळ्यात आमच्याकडे काचेवर चिखलाचा थर बसतो. रोज फडकं मारायचं. पडद्यावर अंतर दिसतं त्याहून वेगळं असू शकतं. आणि बाजूने पळत येणारं पोर चौकटीत येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पुतण्याला ताकीद दिली आहे. बाजारात, शाळेजवळ, पाड्यावर गाडी मागे घ्यायची तर आधी उतरून एक चक्कर मारायची. तो करतो. कधी कधी "काकू, तुमीच उतरा" असंही म्हणतो! मग मी आपली उतरते आणि मागे उभी राहते, छत्रीसकट.

असो. लांबलं. अमेरिकेतल्या भाचीने मागच्या खेपेला लेख मोठा झाला म्हणून तक्रार केली होती, तिने हा दोन वेळा मिळून वाचावा.

जाता जाता एक विनंती. गाडी मागे घेताना तुमच्या गावी काय ओरडत? आमच्याकडे "येऊ दे, येऊ दे". कोकणात, खानदेशात, बेळगावकडे काय होतं? क्लीनरच्या त्या आरोळ्या कोणी लिहून ठेवल्याचं मी पाहिलेलं नाही आणि त्या मारणारी पोरं आता साठीला आली. आठवत असतील तर जरूर कळवा. आणि घरात जुनी गाडी असेल, तिच्यात गाणं वाजत असेल, तर मागचा गियर टाकल्यावर ते थांबतं का, एवढं आज बघून घ्या.